बसलेल्या माणसाचं माप

४ फेब्रुवारी

पोरा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असणार. म्हणजे आधी ते बाजूला ठेवलं असशील आणि आता दोन दिवसांनी फोडत असशील. मीही तेच केलं असतं. आई म्हणते, तुम्ही दोघं एकाच ताग्यातले.

तू माझा फोन उचलत नाहीस याबद्दल माझी तक्रार नाही. फोनवर मला तरी कुठे बोलता येतं? 'काय, कसं काय' एवढं म्हणून मी गप्प होतो आणि आई हातातून फोन काढून घेते. पत्रात निदान मधे कुणी तोंड घालत नाही.

मी फक्त घराच्या कामाबद्दल लिहिणार आहे. बाकीचं काही काढायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

तुमच्या पुनर्वसन केंद्रातल्या व्यायामाच्या बाईंनी आईजवळ एक कागद दिला आहे, घरात काय काय बदलावं लागेल त्याचा. मार्चअखेर त्यांना कळवायचं आहे, तू घरी येणार की त्यांच्या वसतिगृहात राहणार. मी परस्पर 'घरी' असं कळवून टाकणार होतो. आई म्हणाली, "आधी त्याला विचारा." म्हणून विचारतो आहे, असं समज.

तू टॉवरवरून पडलास त्याला चार महिने झाले. चार महिन्यांत मी घराकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. आपलं घर किती चढउतारांचं आहे रे! रस्त्यावरून दुकानात यायला तीन पायऱ्या. दुकानातून आत जायला उंबरा. न्हाणीघरात उतरायला आणखी एक पायरी, तीही कुणाच्या लक्षात न राहणारी. तुझी खोली तर माडीवर. ती आता तुझी नाही. दुकानामागची कापडाची खोली मी रिकामी केली आहे, तिला खिडकी आहे. कापड माडीवर गेलं. मी दिवसातून दहादा जिना चढतो-उतरतो, तेवढाच व्यायाम.

गवंडी आणि सुतार दोघांना एकाच दिवशी बोलावलं, ही माझी चूक. गवंडी म्हणतो, आधी दार ठरू दे, मग उतार. सुतार म्हणतो, आधी उतार, मग दार. दोघांनी चहा पिऊन एकमेकांच्या बापजाद्यांच्या कामातल्या खोडी काढल्या आणि गेले. शेवटी माप मीच घेतलं. मापाच्या बाबतीत या गावात माझ्याशी कोण बोलणार? केंद्राच्या कागदावर तुझ्या खुर्चीची रुंदी सव्वीस इंच लिहिली आहे. दार अठ्ठावीस करतो आहे. दोन्ही बाजूंना एकेक इंच, म्हणजे अंगाबरोबर आणि तरी सैल.

दुकानातली पाटी अजून आहे, तुला आठवत असेल. 'जुना शर्ट मापाला आणू नये. माणूस आणावा.' काल एकजणी पुन्हा नवऱ्याचा शर्ट घेऊन आली. परत पाठवली. आई म्हणते, या पाटीने आपलं अर्धं गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत गेलं. जाऊ दे. तिकडच्या शिंप्याच्या बाह्या बघितल्यास का तू?

बाबा

१९ फेब्रुवारी

पोरा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन आला की मशीन थांबते खरी.

काम झकास चाललं आहे. उतार झाला. गवंडी म्हणाला, कागदावर लिहिलाय तसा लांबलचक करायचा तर रस्ता ओलांडून समोरच्यांच्या ओट्यावर जाईल. म्हणून सरळ सहा फुटांत बसवला. जरा खडा आहे, पण मागून ढकलायला मी आहे, सुतार आहे, शेजारच्या घड्याळवाल्या काकू आहेत. काकूंचं वय झालं असलं तरी हात घट्ट आहेत, अजून एवढेएवढे स्क्रू फिरवतात.

दार झालं. न्हाणीघरातली पायरी भरून घेतली. हात धुण्याचं भांडं खाली आणलं, त्याच्याखाली तुझे गुडघे जातील. बाईंनी आईला मुद्दाम सांगितलं होतं की तिथल्या गरम पाण्याच्या नळीला काहीतरी गुंडाळा, त्याच्या पायाला चटका बसला तरी त्याला कळणार नाही. मी तिला जाड लोकरीच्या कापडाची दुहेरी पट्टी शिवली. घर पाहायला आलेला प्रत्येकजण आधी त्या नळीचं कौतुक करतो. आपल्या घरात सगळ्यांत चांगले कपडे सध्या तिचे आहेत.

विजेची बटणं खाली घेतली. आईने दिवा लावताना पहिले चार दिवस भिंतच चाचपली.

हो, आणि कटिंगच्या टेबलाचे पाय कापले. बसल्या माणसाचे गुडघे आत जातील एवढं खाली आणलं. सहजच. सुतार आलेलाच होता, करवत हातात होती. आई म्हणाली, हे त्याला आत्ताच लिहू नका. पण जे केलं ते लिहायचं, लपवायचं कशाला?

महिनाअखेर आई येईल तेव्हा तिच्याबरोबर कळव. नुसतं 'हो' म्हटलंस तरी पुरे.

बाबा

२ मार्च

पोरा,

आई कालच्या गाडीने परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "तो येत नाही म्हणतो. वसतिगृहात राहणार." मग तुझा निरोप सांगायला तिने संध्याकाळ लावली. भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून सांगितला. "बाबांना म्हणावं, टेबल खाली आणलंत आणि मीही खाली आलो. तुमच्या मनासारखं झालं."

तेवढ्यावर मी एक पत्र लिहिलं होतं. चार पानं. त्यात मी किती खपलो, उन्हात गवंड्याच्या डोक्यावर कसा उभा राहिलो, आणि बापाशी असं बोलतात का, हे सगळं होतं. आईने ते वाचलं आणि म्हणाली, "छान आहे. आता फाडा." फाडलं. हे दुसरं आहे.

बाकीचं काही काढणार नाही असं ठरवलं होतं. ते आता जमणार नाही.

सहा वर्षांपूर्वी तू टॉवरच्या कामाला निघालास, तेव्हा मी तुला काय म्हणालो ते आपल्या तिघांनाच माहीत आहे. आईने त्यानंतर ते कधी तोंडातून काढलं नाही. मी काढतो. तू त्या तीन पायऱ्या उतरून खाली उभा होतास, खांद्यावर दोरांची पिशवी. मी दारात होतो. मी म्हणालो, "वरून पडलास तर या दारात येऊ नकोस."

रागात होतो हे खरं. घाबरलो होतो हे जास्त खरं. तू लहानपणापासून कपाटावर चढायचास, माझा जीव तेव्हापासून टांगणीला. पण तुला ते कसं कळणार? मी तर तुला दुकान, गिऱ्हाईक आणि वडिलांची परंपरा ऐकवत होतो. भीती वाटते असं एकदाही म्हणालो नाही. शिंप्याने टॉवरला भ्यावं यात लाज वाटण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

अजून एक आहे, त्यातलं शेवटचं आईलाही ठाऊक नाही. ती हे वाचणार नाही, पाकीट मीच चिकटवणार आहे.

तू दवाखान्यात होतास तेव्हा मी आलो नाही असं तुला वाटतं. मी आठ दिवस तुझ्या खोलीबाहेरच्या बाकावर होतो. तुला शुद्ध आली आणि तू आईला विचारलंस, "बाबा आलेत का?" मी दाराआडून आईला खुणेने सांगितलं, नाही म्हण. आत कुठल्या तोंडाने यायचं होतं? त्या बाकावरच दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले होते की कमरेखाली आता काही होणार नाही, हा चालणार नाही. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? आता हा दुकानात बसेल.

एका क्षणापुरतीच आली. पण आली. नंतर मी स्वतःला काय काय म्हणालो ते लिहीत नाही. टेबलाचे पाय मी सहज कापले नाहीत. तू बरोबर ओळखलंस. तू ओळखशील हे आईला माहीत होतं, मला एकट्यालाच नव्हतं.

वसतिगृहात राहायचं तर राहा. मी रागावणार नाही. पण ते तुला तिथे बरं वाटतं म्हणून असू दे. मी म्हणालो होतो म्हणून नको.

बाबा

११ मार्च

पोरा,

तुला हसायला येईल असं काही घडलं आहे, म्हणून लिहितो.

काम तर झालेलं होतं आणि तू येणार नव्हतास. दुकान रिकामं असलं की मी त्या उताराकडे बघत बसायचो. घड्याळवाल्या काकूंनी ते पाहिलं. त्यांच्या यजमानांची चाकाची खुर्ची त्यांच्याकडे होती. ती माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "दुसऱ्यासाठी घर बांधलंत, एकदा बसून तर बघा. पाय वापरायचे नाहीत. मी लक्ष ठेवते."

बसलो. भर दुपारी, रस्त्यावरून, सगळ्यांदेखत. उतारावर तीन फूट गेलो असेन. मग दंडांनी सांगितलं, पुरे. गेलो तितका मागे आलो, पण जाताना लागला होता त्याच्या निम्म्या वेळात. मागे पोस्टमन सायकल लावून उभा होता. त्याची सायकल, पिशवी, मी आणि खुर्ची असे सगळे एकत्र पडलो. तो उठून म्हणाला, "पत्राची एवढी घाई असेल तर मी वर आणून देतो की, काका." काकू हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आता तुमच्या मुलाने रोज तिघांची वाट बघत खाली बसायचं का?"

मग त्या आणि सुतार अशा दोघांनी मला ढकलून वर नेलं. वर नेलं खरं, पण कसं सांगू तुला, फार वाईट वाटलं. माझ्याच दुकानात मला सामानासारखं नेत होते. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, एकमेकांशी बोलत होते. "जरा डावीकडे घ्या," "हां, सांभाळून." म्हटलं, चाकं तरी मी फिरवतो. दारातून आत शिरलो आणि दोन्ही हातांच्या मुठी चौकटीवर सोलवटल्या. चार बोटांची सालं गेली. काज करताना सुई धरता येत नाही अजून.

खुर्ची सव्वीस इंच, दार अठ्ठावीस. माप बरोबर होतं. पण चाक फिरवणाऱ्या माणसाचे हात चाकाच्या बाहेर असतात, कोपरं त्याहून बाहेर. मी रिकाम्या खुर्चीचं माप घेतलं होतं. चाळीस वर्षं त्या पाटीखाली बसलो, लोकांचे शर्ट परत पाठवले, आणि स्वतःच्या पोराच्या बाबतीत मी शर्टाचं माप घेतलं. माणूस आणलाच नाही. माणसाला एक शब्द विचारला नाही.

सुताराला तिथल्या तिथे सांगितलं, चौकट काढ. तो म्हणाला, "आत्ताच तर बसवली." म्हटलं, काढ. गवंड्याला सांगितलं, उतार फोड. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. काकूंनी आपल्या भिंतीकडेच्या सगळ्या कुंड्या उचलल्या. त्यांच्या भिंतीला लागून नऊ फूट जायचं, तिथे वळायला सपाट जागा, आणि नऊ फूट परत. कागदावर लिहिला होता तितकाच लांब. रस्ता ओलांडायची गरजच नव्हती. शेजारणीला विचारायची होती.

सध्या दुकानाला दार नाही. पडदा लावला आहे. आई म्हणते, तुमच्या तोंडाकडे बघून चोर असाही आत येणार नाही.

टेबलही पूर्वीसारखं उंच करणार होतो. पण पायांचे तुकडे गवंड्याने चुलीत घालून चहा केला. तेव्हा वाकून कापतो आहे.

सोबत पँट पाठवतो आहे. बाईंनी आईला सांगितलं होतं की मागचे खिसे आणि जाड शिवणी त्याला टोचतील आणि जखम होईपर्यंत त्याला पत्ता लागणार नाही. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात हेच होतं. मागे खिसा नाही. शिवणी सगळ्या चपट्या केल्या, हात फिरवून बघ, लागणार नाहीत. बसल्या माणसाच्या पँटची कंबर मागून वर चढवायला लागते आणि पुढून उतरवायला लागते, नाहीतर पोटाशी गोळा होतो आणि मागून उघडं पडतं. पाय दीड इंच लांब ठेवले आहेत, बसलं की वर सरकतात. एक खिसा मांडीवर, हात सहज पोचेल असा. चाळीस वर्षांत मी एकदाही बसलेल्या माणसाचं माप घेतलं नव्हतं. सगळ्यांना म्हणायचो, उभे राहा, ताठ. तुझं जुनं माप आणि त्या खुर्चीत बसून माझ्या स्वतःच्या पोटाचा अंदाज, यावर शिवली आहे. चुकली असणार. आत माया सोडली आहे, उसवून वाढवता येईल.

तू वसतिगृहात राहिलास तरी पँट लागणारच. तेव्हा माप पाठव. घरासाठीही पाठवलंस तर बरं, चौकट त्यावाचून अडून आहे, एवढं फक्त कळवतो.

बाबा

२३ मार्च

पोरा,

तुझी चिठ्ठी आली. पोस्टमनने ती लांबूनच, हात ताणून दिली. त्या दिवसापासून तो सायकल समोरच्या बाजूला लावतो.

चिठ्ठी मी काचेखाली ठेवली आहे, केंद्राच्या कागदावर. 'बसल्यावर, जमिनीपासून. गुडघा पंचवीस. खांदा एक्केचाळीस. डोळे सत्तेचाळीस. हात ताणून चौपन्न, रोजच्या कामाला पंचेचाळीस. चाकावर हात ठेवून, कोपरापासून कोपरापर्यंत बत्तीस.' एकाखाली एक, आकडे उजवीकडे, प्रत्येकाखाली रेघ. दुकानात बसायचं नव्हतं ना तुला? मग हे असं लिहायला कधी शिकलास? शाळेतून येऊन त्या कोपऱ्यात अभ्यासाच्या नावाखाली पेंगायचास, तेव्हा डोळे मिटलेले असायचे, कान नसावेत.

खाली लिहिलं आहेस, 'पँट बसली. मागून कंबर अर्धा इंच जास्त आहे.' ते वाचून मी तुझं जुनं माप आणि माझा खडूचा कागद काढून ताळा केला. अर्धा इंचच जास्त आहे. माझ्या मापात चूक काढणारा तू पहिला. मी ते दिवसभरात गवंडी, सुतार, काकू आणि दोन गिऱ्हाइकांना सांगितलं. आईला चार वेळा.

तुझ्या अटी सगळ्या कबूल. शनिवारी तू केंद्राच्या गाडीतून येशील, गाडी कोपऱ्यावर थांबेल, तिथून तू एकटा येशील. कुणी न्यायला यायचं नाही. कुणी दारात उभं राहायचं नाही. हात लावायचा नाही, मागितल्याशिवाय. दुकानात तू बसणार नाहीस. टॉवरवाल्या कंपनीसाठी खिडकीशी बसून नकाशे काढणार आहेस, खिडकीखाली फळी सत्तावीस इंचांवर ठोकली आहे, तुझे गुडघे आत जाऊन दोन बोटं उरतील. महिनाभर राहून बघशील आणि जमलं नाही तर वसतिगृहात जाशील. तेही कबूल. त्या वाक्यावर आईने मला एक तासभर काही बोलू दिलं नाही, म्हणून कबूल.

आणि सगळ्यात शेवटी, कागद उलटा करून, मी कदाचित बघणारच नाही अशा जागी, 'टेबल उंच करा. आई म्हणते तुमची पाठ धरली आहे.'

पोरा, ती ओळ वाचून मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं. दार नसल्याने पडदा ओढून बसलो, इतकंच. सुताराने काल पायांना नवे तुकडे जोडले. पाठ बरी आहे.

उतारावर मी रोज जाऊन येतो, काकूंच्या खुर्चीत. नऊ फूट, वळण, नऊ फूट. दम लागत नाही. माझ्या दंडांना जमतं, म्हणजे तुझ्या दंडांना काहीच नाही. वळणावर काकूंनी एक कुंडी परत ठेवली होती, शोभेला. मी ती हलवली, त्यांनी पुन्हा ठेवली. शेवटी तुझ्या बत्तीस इंचांनी आमचा तंटा मिटवला. कुंडी आता त्यांच्या खिडकीत आहे.

शनिवारी मी मशीनवर असेन, दाराकडे पाठ करून. उभं राहायचं नाही असं तू अटीत लिहिलंस, मी बसूनच राहीन. आई स्वयंपाकघरात असेल, तिला बाहेर यायचं नाही असं दोनदा सांगितलं आहे, ती ऐकेल याची हमी मी घेत नाही. चाकांचा आवाज मला कळतो आता, कोपऱ्यापासून कळतो. मी मशीनवर पाय हलवत राहीन, सुईखाली कापड असो नसो. मान वळली तर ती अटींत धरू नकोस, ती माझ्या ऐकण्यातली नाही.

आता शेवटचं. सहा वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो, या दारात येऊ नकोस. ते दार आता नाही. त्याची चौकट सुताराने नेली आणि तिचं त्याच्या कोंबड्यांना खुराडं झालं. भिंत फोडली तेव्हा जुना उंबराही निघाला. काल दुपारी नवं दार बसलं. चौतीस इंच आहे. बत्तीस तुझे, आणि एकेक इंच दोन्हीकडे.

या दारात अजून कुणी कुणाला काही बोललेलं नाही. तुझ्या मापाचं आहे. ये.

बाबा